१.३ डिझेलला टर्बो केवढा हवा : मूळ मापाचा, एक माप मोठा आणि फिरत्या पात्यांचा

माझ्याकडे २०१२ सालची स्विफ्ट डिझेल आहे. पावणेदोन लाख किलोमीटर झाल्यावर तिच्या टर्बोची शिट्टी बदलली. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक चाक (टर्बाइन) फिरवून त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने (कॉम्प्रेसर) इंजिनात जास्तीची हवा कोंबणारे यंत्र. पूर्वी खिडकी खाली असेल आणि शेजारी भिंत असेल तरच ऐकू येणारी ती बारीक शिट्टी दातांच्या दवाखान्यातल्या यंत्रासारखी कर्कश झाली आणि पाठोपाठ इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, नळीत ऑइल साचू लागले. टर्बो बदलणे भागच होते, आणि अशा वेळी प्रत्येक गाडीवाल्याच्या मनात जो विचार येतो तोच माझ्याही मनात आला, की बदलायचाच आहे तर थोडा मोठा का बसवू नये. गेल्या दोन वर्षांत या एकाच इंजिनावर मी आधी एक माप मोठा टर्बो आणि नंतर मूळ मापाचा नवा टर्बो वापरला, आणि मावसभावाच्या अर्टिगाला कारखान्यातूनच आलेला फिरत्या पात्यांचा टर्बो त्याच रस्त्यांवर चालवून पाहिला. हे परीक्षण त्या तिघांचे आहे. मोठा टर्बो घेऊन मी चुकलो, हे सुरुवातीलाच सांगतो. मात्र नेमके कुठे चुकलो हे समजून घ्यायला बराच वेळ आणि थोडे गणित लागले.

हे इंजिन म्हणजे फियाटचे १.३ मल्टिजेट, १,२४८ सीसीचे. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा इतक्या गाड्यांत ते बसले की गाड्यांवर लिहिणाऱ्यांनी त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायला सुरुवात केली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले आणि मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या, तरी आपल्याकडच्या रस्त्यांवर ही इंजिने आजही सर्रास दिसतात. या इंजिनाचे दोन अवतार आहेत. एक ७५ अश्वशक्तीचा (माझ्या स्विफ्टमध्ये हाच), ज्यात स्थिर मापाचा टर्बो असतो आणि १९० न्यूटन मीटरचा टॉर्क २,००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला २,००० फेऱ्यांना, मिळतो. दुसरा ९० अश्वशक्तीचा, ज्यात फिरत्या पात्यांचा टर्बो असतो आणि मारुतीच्या गाड्यांत २०० न्यूटन मीटर १,७५० आरपीएमलाच हाती येतात. पहिल्यासाठी बोर्गवॉर्नरच्या केपी३५ या कुळातला टर्बो वापरला जातो, दुसऱ्यासाठी बीव्ही३५ या कुळातला. ब्लॉक तोच आणि सीसीही तेवढेच, तरी गाडी चालवताना दोन वेगळी इंजिने असल्यासारखी वाटतात, आणि त्यातला मोठा वाटा टर्बोचा आहे.

जुना टर्बो मेस्त्रीने उघडून माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा त्याच्या आकाराचा अंदाज आला. हवा ओढणारे ॲल्युमिनियमचे चाक सातारी कंदी पेढ्यापेक्षा जरासे मोठे असेल. पात्यांच्या टोकांना आतल्या भिंतीवर घासल्याच्या चकचकीत खुणा होत्या आणि दांडा दोन बोटांत धरून हलवला की तो स्पष्ट खालीवर होत होता. एवढेसे चाक मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेते, तेही एका बाजूला सातशे-आठशे अंशांचा धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असताना, आणि त्याला सांभाळायला ऑइलच्या पातळ थराखेरीज काही नसते. हे डोळ्यांनी पाहिल्यावर टर्बोच्या बाबतीत ‘थोडा मोठा’ हा शब्दप्रयोग इतक्या सहजपणे करणे अवघड जाते. पण मी तेव्हा तो केला.

ज्या दुकानातून मी मोठा टर्बो घेतला त्याचे नाव इथे देत नाही, कारण असा सल्ला देणारे ते एकटे नाही. काउंटरवरच्या माणसाने एकच प्रश्न विचारला, “किती पॉवर पाहिजे?” मी संकोचून शंभराच्या वर म्हणालो. त्याने दोन लिटरच्या डिझेल इंजिनासाठी बनलेला एक टर्बो काढला, जोडणीसाठी मधली फ्लँज करून देतो म्हणाला, आणि ट्यूनिंग केल्यावर ११० अश्वशक्ती पक्की असे सांगितले. ते चाक माझ्या जुन्या चाकापेक्षा व्यासाने साधारण २० टक्के मोठे होते. हातात घेऊन पाहिले तर फरक किरकोळ वाटत होता.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो, आणि माझ्या दृष्टीने टर्बोची परीक्षा घ्यायला त्याहून चांगली जागा नाही. गाडीत चार माणसे, एसी चालू, पुढे उसाचा ट्रक, तिसरा गिअर, ताशी ४० किलोमीटर आणि आरपीएमचा काटा १,६०० च्या आसपास. ट्रकने डावी बाजू दिली की पाय दाबायचा आणि गाडी किती लवकर उचलते ते पाहायचे. मूळ टर्बो चांगला होता त्या काळात गाडी क्षणभर विचार करत असे आणि १,९०० ओलांडताच मागून कोणी ढकलल्यासारखी निघत असे. मोठा टर्बो बसवल्यावर ती विचारच करत राहिली. डॅशबोर्डवर बसवलेल्या, बूस्ट म्हणजे टर्बोने चढवलेला जादा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्याच्या जरा वर थरथरत होता, मागच्याने हॉर्न वाजवला, आणि मी दुसरा गिअर टाकला. दुसऱ्यात काटा २,७०० च्या पुढे गेल्यावर मात्र एकदम असा जोर आला की पुढच्या चाकांनी वाळूवर चरकन आवाज केला. साडेतीन हजारांवर तिसरा गिअर टाकला की काटा तेवीसशे-चोवीसशेवर यायचा आणि गाडी पुन्हा झोपायची. घाट संपेपर्यंत हा खेळ चालला. हायवेवर पाचव्या गिअरमध्ये ताशी शंभरला काटा सव्वादोन हजारांच्या आसपास असतो, म्हणजे तिथेही टर्बो निजलेलाच.

असे का झाले याचे उत्तर एका साध्या त्रैराशिकात आहे आणि ते मी टर्बो घेण्याआधी मांडायला हवे होते. इंजिन दर मिनिटाला किती हवा गिळते हे त्याच्या सीसीवर आणि आरपीएमवर अवलंबून असते, आणि तेवढाच धूर टर्बाइनला फिरवायला मिळतो. दोन लिटरच्या इंजिनावर एखादा टर्बो १,७०० आरपीएमला जागा होत असेल, तर तेवढाच धूर १,२४८ सीसीच्या इंजिनाकडून मिळण्यासाठी त्याला १,७०० गुणिले २,००० भागिले १,२४८, म्हणजे सुमारे २,७०० आरपीएमपर्यंत जावे लागते. माझ्या काट्याने जे दाखवले ते अगदी हेच होते. या इंजिनाची कमाल शक्ती ४,००० ला येते, म्हणजे कामाचा पट्टा २,७०० ते ४,००० एवढाच उरला. मूळ टर्बोवर तो १,९०० पासून सुरू होतो. वरच्या टोकाला फारसे काही मिळाले नाही आणि खालचे आठशे आरपीएम मी गमावले, आणि ते नेमके असे होते की ज्यांत मी दिवसातला बहुतेक वेळ गाडी चालवतो.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. कमी आरपीएमला धूरच पुरेसा नसल्यामुळे टर्बो उठत नाही ही एक गोष्ट, आणि धूर पुरेसा असूनही चाकाला वेग घ्यायला वेळ लागतो ही दुसरी. गॅरेजमध्ये दोन्हींना ‘टर्बो लॅग’ म्हणतात. पहिली अडचण गिअर खाली घेऊन सुटते, दुसरी सुटत नाही. दुसरीचे मूळ चाकाच्या जडत्वात आहे. चाकाचा आकार सगळ्या बाजूंनी सारखा वाढवला तर त्याचे जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. व्यास १० टक्क्यांनी वाढला तर जडत्व १.६ पट होते, २० टक्क्यांनी वाढला तर जवळपास अडीचपट. हातात किरकोळ वाटलेला फरक तो हाच. मोठ्या टर्बोवर तीन हजारांवर गाडी असतानाही पाय उचलून पुन्हा दाबला की गेजचा काटा वर चढायला जो उशीर लागे, तो या अडीचपटीचा होता.

मग माप ठरवायचे कसे? प्रत्येक चांगला निर्माता कॉम्प्रेसरचा नकाशा देतो, आणि ज्यांनी गडकिल्ले हिंडताना समोच्च रेषांचा नकाशा पाहिला आहे त्यांना तो वाचणे जड जाऊ नये. आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह असतो आणि उभ्या अक्षावर दाबाचे गुणोत्तर, म्हणजे टर्बोतून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब आत शिरणाऱ्या हवेच्या किती पट आहे तो आकडा. मधोमध कार्यक्षमतेची टेकडी असते. डावीकडे सरळ कडा आहे, तिला सर्ज लाइन म्हणतात. त्या रेषेच्या डावीकडे गेले की दाब इतका जास्त आणि प्रवाह इतका कमी होतो की हवा उलटी फिरते, चाक फडफडते आणि बेअरिंगची वाट लागते. उजवीकडे उतार संपतो तिथे चोक. कितीही फिरवा, त्यापुढे हवा जात नाही आणि जी जाते ती नुसती तापते. आपल्या इंजिनाचे काम जिथे चालते ते बिंदू या टेकडीवर पडायला हवेत, आणि त्यांतले जास्त वापराचे बिंदू माथ्याजवळ.

ते बिंदू काढणे कठीण नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब साधारण ०.९५ बार. गेजवर १ बार बूस्ट हवे असेल तर आतला एकूण दाब १.९५ बार, म्हणजे गुणोत्तर २.०५. चार फटक्यांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदाच हवा घेतो, त्यामुळे २,००० आरपीएमला १,२४८ सीसीचे इंजिन मिनिटाला कागदावर १,२४८ लिटर हवा घेते. प्रत्यक्षात ९० टक्के धरू, म्हणजे सुमारे १,१२० लिटर. इंटरकूलरनंतर हवा ५० अंशांवर असेल तर त्या दाबाला तिचे वजन घनमीटरला २.१ किलो भरते. हिशोब झाला मिनिटाला सुमारे २.४ किलो. हेच ४,००० आरपीएमला, भरण (सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो ते) ८५ टक्के धरून, सुमारे ४.४५ किलो होते. अमेरिकन निर्मात्यांचे नकाशे पौंडांत असतात, त्यांच्यासाठी हे आकडे ५.२ आणि ९.८ पौंड. दुसऱ्या बाजूने पडताळा घेता येतो. ७५ अश्वशक्ती म्हणजे ५५ किलोवॉट. एका किलोवॉट-तासाला २४० ग्रॅम डिझेल धरले तर तासाला १३.२ किलो. त्याला काळा धूर न होता जळायला वीसपट हवा धरली तर मिनिटाला ४.४ किलो. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे एकमेकांजवळ आले की हिशोबावर विश्वास बसतो.

हाच हिशोब दुकानदाराच्या ११० अश्वशक्तीला लावला तेव्हा त्या आश्वासनातली हवा निघून गेली. तेवढ्या शक्तीला मिनिटाला साडेसहा किलो हवा लागेल, आणि ती ४,००० आरपीएमला या इंजिनात कोंबायची तर एकूण दाब जवळपास २.८५ बार करावा लागेल, म्हणजे गेजवर १.९ बार. त्याच्या जोडीला इंजेक्टरनी दीडपट डिझेल द्यायला हवे, आणि क्लच, हेड गॅस्केट, पिस्टन यांनी ते सोसायला हवे. नुसता टर्बो मोठा केल्याने त्यातले काहीच होत नाही. मोठा टर्बो जास्त हवा देऊ शकतो एवढेच. ती मागणारे इंजिन पाहिजे. ज्यांना हाताने आकडेमोड करायचा कंटाळा असेल त्यांनी बोर्गवॉर्नरचे मॅचबॉट हे विनामूल्य संगणकीय साधन वापरावे. त्यात सीसी, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि सहा वेगवेगळ्या आरपीएमचे अंदाज भरले की बिंदू आपोआप नकाशावर उमटतात. साधन उत्तम आहे, पण भरण आणि इंटरकूलरची कार्यक्षमता यांचे आकडे आपणच भरायचे असल्यामुळे आशावादी माणसाला ते आशावादी उत्तर देते.

मोठ्या टर्बोची बाजू मांडायला हवी, कारण त्याच्यात गुण नव्हते असे नाही. द्रुतगती मार्गावर रात्री मोकळा रस्ता असताना तीन हजारांच्या वर गाडी जितक्या मोकळेपणाने श्वास घेई तितकी ती मूळ टर्बोवर कधीच घेत नव्हती. छोटा टर्बो वरच्या आरपीएमला धुराच्या वाटेतले बूच होऊन बसतो. जादा धूर बाजूने काढून देणारी त्याची झडप, वेस्टगेट, उघडली तरी मागचा दाब वाढतो, आणि कॉम्प्रेसर टेकडीच्या उजव्या उतारावर गेल्याने हवा जास्त तापते. बाहेर ३५ अंश असताना २.०५ गुणोत्तरावर ७० टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर हवा सुमारे १३५ अंशांवर नेतो, ६० टक्क्यांचा १५० च्या वर. इंटरकूलरला तेवढे जास्त काम. मोठ्या टर्बोने तिथे बाजी मारली. प्रश्न एवढाच, की पुणे, सातारा, चिपळूण या फेऱ्यांत मी तीन हजारांच्या वर किती मिनिटे असतो.

खालच्या आरपीएमच्या मंदपणावर दुकानाने जो इलाज सुचवला तो आजारापेक्षा वाईट निघाला. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, हवा कमी दिसली की तो डिझेलही कमी देतो, म्हणून गाडी मंद होते पण काळा धूर सोडत नाही. त्यांनी ती मर्यादाच सैल केली. गाडी खालून थोडी उचलू लागली, आणि मागे काळा पडदा. कुंभार्ली घाटात एका वळणावर मागच्या दुचाकीवाल्याने पुढे येऊन मला जे सुनावले ते मी मुकाट्याने ऐकून घेतले, कारण त्याचे बरोबर होते. जेवढी हवा आहे त्यापेक्षा जास्त डिझेल घातले की ते जळत नाही, काजळी होऊन बाहेर पडते आणि धुराचे तापमान वाढवते. त्यातच हाफ क्लचवर गाडी उचलायची सवय लागल्याने चार महिन्यांत क्लच प्लेट गेली. टर्बोच्या किमतीत हा खर्च कोणी धरत नाही.

अखेर मी गॅरेज बदलले आणि मूळ मापाचा नवा टर्बो बसवून घेतला. ऑइलच्या नव्या नळीसकट आणि मजुरीसकट तीस हजारांच्या आत काम झाले. नव्या मेस्त्रीने आधी टर्बोकडे पाहिलेच नाही. त्याने ऑइल पुरवणारी नळी सोडवली, तिच्या टोकाच्या पोकळ बोल्टमध्ये (बँजो बोल्ट) काडी घालून पाहिली आणि आतला काळा चिकट थर काढून माझ्या हातावर लावला. जुना टर्बो त्यामुळे गेला होता. हीच नळी मोठ्या टर्बोलाही तशीच जोडली गेली होती, म्हणजे तो आणखी वर्षभर राहिला असता तर त्याचीही तीच गत झाली असती. मेस्त्रीने नवा टर्बो बसवण्याआधी त्यात हाताने ऑइल ओतले, चाक बोटाने फिरवले, आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारला. मगच इंजिन सुरू केले. ही पाच मिनिटे ज्या गॅरेजात दिली जात नाहीत तिथे कोणत्याही मापाचा टर्बो बसवू नये.

मूळ मापाचा टर्बो परत आल्यावर खंबाटकीत गाडी पुन्हा ओळखीची झाली. १,६०० वर गेज ०.३ बार दाखवते, १,९०० ला काटा सरसर चढतो. त्यातला दोष लपवण्यात अर्थ नाही: सिग्नलवरून निघताना, स्पीडब्रेकरनंतर दुसऱ्या गिअरमध्ये, पार्किंगच्या चढावर, १,८०० च्या खाली हे इंजिन आजही अशक्त आहे. एवढ्याशा सीसीला स्थिर मापाचा कोणताही टर्बो लावला तरी निर्मात्याला दोन्ही टोके सांभाळत कुठेतरी मध्ये थांबावे लागते, आणि ७५ अश्वशक्तीसाठी त्यांनी निवडलेली जागा माझ्या मते योग्य आहे. टर्बाइनच्या घराची वाट आणखी अरुंद केली, म्हणजे ज्याला ए-आर म्हणतात तो आकडा आणखी लहान घेतला, तर खालची दोन-अडीचशे आरपीएम सुधारतील, पण वर गाडी गुदमरेल.

त्या दोन्ही टोकांचा सौदा टाळण्याचा मार्ग म्हणजे फिरत्या पात्यांचा टर्बो. टर्बाइनच्या चाकाभोवती छोट्या पात्यांचे एक कडे असते. धूर कमी असताना ती पाती मिटतात आणि अरुंद फटीतून धूर वेगाने चाकावर आदळतो. धूर वाढला की ती उघडतात. बागेतल्या पाइपच्या तोंडावर बोट ठेवल्यावर पाणी लांब जाते तेच तत्त्व. मावसभावाची अर्टिगा माझ्या स्विफ्टपेक्षा दीडशे किलोंच्या आसपास जड आहे, त्यात सहा माणसे बसली होती, आणि तरीही खंबाटकीच्या त्याच चढावर ती १,६०० वरून गिअर न बदलता निघाली. फरक मोठा आहे. वरच्या टोकालाही ती दमत नाही. तिघांत श्रेष्ठ कोण असे विचाराल तर हाच.

पण तो ७५ च्या गाडीत बसवावा का? मी चौकशी केली आणि नाद सोडला. पाती हलवण्यासाठी व्हॅक्यूमची व्यवस्था, ती चालवणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) आणि कोणत्या आरपीएमला पाती किती उघडायची हे ठाऊक असलेला ईसीयू लागतो. ७५ च्या गाडीत यातले काही नाही. नुसत्या स्प्रिंगवर पाती चालवणारे जुगाड मी एका गाडीत पाहिले. त्यात बूस्ट कधी १.२, कधी १.६ असे मनाला येईल तसे चढत होते, आणि एवढ्या छोट्या दांड्याला अतिवेग म्हणजे मृत्यू. शिवाय पात्यांच्या कड्यात काजळी बसते. जी गाडी फक्त गावात, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत, हळूहळू चालते तिची पाती अडकतात आणि मग हा महागडा टर्बो वाईट स्थिर टर्बोसारखा वागतो. मावसभावाला मेस्त्रीने आठवड्यातून एकदा हायवेवर इंजिन नीट ताणून चालवायला सांगितले आहे, आणि तो ते सांगणे फार मनावर घेतो.

उंचीचा मुद्दा आपल्याकडे सहसा विसरला जातो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे; तिथे हवेचा दाब ०.८६ बारच्या आसपास उतरतो, म्हणजे तोच १.९५ बारचा एकूण दाब द्यायला गुणोत्तर २.२७ लागते. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, ते ३ होते. म्हणजे खाली नकाशाच्या मधोमध असलेला बिंदू वर सरकत टेकडीच्या काठावर जातो आणि चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात. ज्यांना दरवर्षी हिमालयात गाडी न्यायची आहे त्यांनी वरच्या बाजूला जागा सोडून माप ठरवावे. घाट चढून पाचगणीला जाणाऱ्याने त्याची काळजी करायचे कारण नाही.

पेट्रोलवाल्यांसाठी थोडेच सांगतो, कारण माझा हात डिझेलवर बसलेला आहे. पेट्रोल इंजिन १,५०० पासून ६,००० पर्यंत फिरते, म्हणजे हवेच्या मागणीचा पसारा चौपट, आणि धूर डिझेलपेक्षा बराच जास्त तापलेला. म्हणून फिरती पाती तिथे फार उशिरा आली. पोर्शेने २००६ च्या ९११ टर्बोमध्ये ती आणली तेव्हा तो बातमीचा विषय झाला होता. पेट्रोलमध्ये माप चुकण्याची आणखी एक शिक्षा म्हणजे नॉक. छोटा टर्बो ताणून वापरला की तापलेली हवा आणि मागचा दाब यांमुळे इंजिन ठोकायला लागते आणि ईसीयू ठिणगीचे टायमिंग मागे घेतो. तिथे एक माप मोठा टर्बो खरोखर उपयोगी पडू शकतो. फक्त तो पंपावरच्या कोणत्या पेट्रोलवर रोज चालणार आहे हे आधी ठरवावे.

कायद्याची बाजू दोन वाक्यांत सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली त्यासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस बॉनेट उघडून पाहतो तेव्हा हे कलम मालकाला नव्याने समजते.

नव्या मेस्त्रीची कामाची पद्धत मला इतकी आवडली की ती सविस्तर सांगतो. त्याने किंमत सांगण्याआधी विचारले, की गाडी जास्त कुठे चालते, हायवेवर पाचव्यात काटा किती असतो, घाटात कितव्या गिअरमध्ये चढता, आणि गाडी अजून किती वर्षे ठेवायची आहे. पॉवर किती हवी हे त्याने विचारलेच नाही. उत्तरे ऐकून म्हणाला, “साहेब, जे कंपनीने दिलंय तेच घ्या, आणि उरलेल्या पैशात चांगलं ऑइल घाला.” ज्यांची ७५ ची गाडी आहे त्यांना माझेही हेच सांगणे आहे. खालचा दम खरोखर हवा असेल तर चांगल्या अवस्थेतली ९० ची गाडी शोधावी. ७५ च्या गाडीत फिरत्या पात्यांचे जुगाड करण्यापेक्षा ते बरे.

मोठा टर्बो दुकानाने परत घेतला नाही. सहा महिने तो वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर होता. शेवटी कऱ्हाडच्या एका गृहस्थांनी त्यांच्या दोन लिटरच्या डिझेलसाठी तो नेला. नेताना त्यांना मी ऑइलची नळी बदलायला सांगितले आणि बसवल्यावर कळवा म्हणालो. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. गाडी छान ओढते म्हणाले. टर्बो कितीला उठतो असे विचारले, तर म्हणाले, अठराशेच्या आसपास.